‘हवा पत्र्याला काय हलवणार?’ : परभणीकरांना उत्तर

परभणीकर,

ट्रॅक्टरच्या बंद केबिनमध्ये घुमणाऱ्या आवाजावर मी लिहिलं होतं: पत्र्याची कंपनं आणि आतल्या हवेचा दाब कंप्युटरवर एकत्रच सोडवावे लागतात. तुमच्या प्रतिक्रियेत मात्र त्या आवाजापेक्षा माझ्यावरच जास्त मजकूर आहे. ‘एसीत बसून रंगीत चित्रं काढणारे’, ‘कंप्युटर तापवायची हौस’. ही काय चर्चेची भाषा झाली? पटलं नाही तर नाही म्हणा, पण धड बोला की.

तापमानाचा तुमचा आक्षेप मान्य. मी २० अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला. आपल्याकडे मे महिन्यात ४२ अंशांना तो ३५७च्या आसपास जातो. दीड मीटर लांब केबिनचा पहिला रेझोनन्स (आतली हवा घुमू लागते ती सर्वांत खालची वारंवारता) त्यामुळे ११४ वरून ११९ हर्ट्झवर सरकतो. घ्या.

आता तुमचं ते वाक्य: ‘एवढी हलकी हवा पत्र्याला काय हलवणार? आधी पत्र्याची कंपनं काढा, मग त्यावरून आवाज.’ उघड्यावरच्या पत्र्याला हे चालेल. दारं-काचा लावल्या की हवेचं वजन नाही, ताठरपणा बघायचा असतो, म्हणजे दाबल्यावर ती किती उलटी रेटते ते. करा हिशेब. २ घनमीटरची केबिन, १ चौरस मीटर छत, १ मिलिमीटर पोलादी पत्रा, त्याची पहिली वारंवारता (तो स्वतःहून थरथरतो त्यातली सर्वांत खालची) समजा २० हर्ट्झ. छत सरासरी दशांश मिलिमीटर आत आलं की दाब सुमारे ७ पास्कलने वाढतो, आणि तोच दाब छताला उलटा रेटतो. हवेचा हा ताठरपणा ढोबळमानाने पत्र्याच्या स्वतःच्या ४० टक्क्यांच्या आसपास येतो. २० हर्ट्झचा पत्रा २३-२४ वर जातो. हे ‘काय हलवणार’?

त्यात तीन सिलिंडरचं इंजिन २२०० आरपीएमला ५५ हर्ट्झचे ठोके देतं. त्याची दुप्पट ११०, थंडीच्या दिवसांत ११४ला अगदी चिकटून. तिथेच पत्र्याचाही एखादा वरचा मोड (थरथरण्याची ठरलेली तऱ्हा) आला की कोण कोणाला हलवतंय हे वेगळं काढता येत नाही. म्हणून पत्र्याचं सरकणं आणि हवेचा दाब एकाच समीकरणसंचात सोडवायचे. क्रॅग्ज या संशोधकाने १९७१ मध्येच फायनाइट एलिमेंटने, म्हणजे पत्रा आणि हवा छोट्या तुकड्यांत विभागून, ते करून दाखवलंय. मेश, म्हणजे या तुकड्यांची जाळी, एवढी बारीक का, हे तुम्ही विचारलंत, तेही यातच आलं: २०० हर्ट्झला हवेतली लाट १.७ मीटरची, या पत्र्यातली जेमतेम २२ सेंटीमीटरची.

आणि ‘कधी ट्रॅक्टरवर बसा’ हे मला सांगता? मी सेलूकडचा, उसाच्या ट्रॉल्यांमागे वाढलेला, पुढे वाळूजला पत्र्याच्या शॉपमध्ये घासलेला. छताच्या मधोमध तळहात दाबून धरला की घूंऽऽ एकदम खाली बसतो, हात काढला की पुन्हा सुरू. हे मी पुस्तक उघडण्याआधी केलंय. तुम्ही केलंय?

डॅम्पिंगचे (कंपनं विझण्याचे) आकडे कुठून आणले, फटींतून गळणारी हवा धरली का, वगैरे बाकीच्या शंकांत फारसं काही नाही. लेख सावकाश वाचा. आणि पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने आली तरच छापेन.