घरभाडे भत्ता म्हणे, पाच टक्के!

पगाराच्या चिठ्ठीवर 'घरभाडे भत्ता' हा रकाना दिसला की दर महिन्याला माझं डोकं फिरतं. महाराष्ट्रातल्या किमान घरभाडे भत्त्याचा कायदा १९८३ चा. पगाराच्या ५ टक्के किंवा २० रुपये, यातलं जे जास्त असेल ते. चौदा हजारांवर ५ टक्के म्हणजे ७०० रुपये. सातशे रुपयांत मुंबईत माणसाने राहायचं कुठे? नालासोपाऱ्याच्या चाळीतली दहा बाय दहाची खोलीही चार-पाच हजारांच्या खाली मिळत नाही. वर डिपॉझिट, दलाली, आणि अकरा महिने भरले की मालक भाडं वाढवायला दारात हजर!

१९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने, म्हणजे सरकार, उद्योजक आणि कामगार संघटनांच्या एकत्र बैठकीने, किमान वेतनाचा हिशेब मांडला, त्यात प्रौढ माणसामागे रोज २७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड आणि घरभाडंसुद्धा धरलं होतं. पुढे सर्वोच्च न्यायालयाने मुलांचं शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितलं. मग ते पैसे आमच्या हातात का दिसत नाहीत? दर सहा महिन्यांनी महागाईपोटीचा विशेष भत्ता जरासा वाढतो, तो गॅस आणि भाजीतच संपतो.

बारा तास ड्युटी, ओव्हरटाइमचं नाव काढलं की कंत्राटदार गेट दाखवणार, मग विरार लोकलच्या दारात लोंबकळत घर. आणि नातेवाईक सांगतात, "अरे, थोडी बचत करत जा." कशातून करू, ते तरी सांगा! पुढच्या महिन्यात ॲग्रीमेंट संपतंय, मालकाला अजून पाचशे वाढवून हवेत.