गिटार गुणगुणली की पिकअप बदला? आधी मल्टिमीटर लावून पाहा

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला गेली काही वर्षं फिरतोय. शब्द बदलतात, मतितार्थ तोच. दहा-पंधरा हजारांच्या गिटारचे पिकअप (तारांचं कंपन पकडणारे चुंबकी भाग) टाकाऊ असतात म्हणून गुणगुण येते, आणि खुंट्या टाकाऊ असतात म्हणून सूर उतरतो, दोन्ही बदला. टोनच्या बटणाला तेल-कागदाचा महाग कपॅसिटर घाला, आवाज खुलेल. ट्रस रॉडला (नेकच्या, म्हणजे गिटारच्या मानेच्या, आतल्या धातूच्या दांड्याला) मात्र हात लावू नका, नेक मोडेल. आणि एवढं करूनही गुणगुण राहिली तर ॲम्पच्या, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या, प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका.

या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसलो. पण आधीची वाक्यंही तपासायला हवीत, कारण त्यांच्या भरवशावर मुलं गिटारच्या निम्म्या किमतीचे भाग आणतात आणि बिघाड जिथल्या तिथे राहतो.

आधी गुणगुण. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारच्या तारेचं कंपन ते पकडतात, तसंच घरातल्या वायरिंगभोवतीचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्रही पकडतात. यात महाग-स्वस्त असा भेद नाही. १९५४ ची मूळ स्ट्रॅटोकास्टर गिटारसुद्धा गुणगुणते. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये हंबकर तयार केला तो याच कारणाने: दोन कॉइल, वेढे एकमेकांच्या उलट, चुंबकांचे ध्रुवही उलट. त्यामुळे तारांच्या आवाजाची बेरीज होते आणि बाहेरच्या गुणगुणीची वजाबाकी. म्हणजे स्वस्त सिंगल कॉइल काढून महाग सिंगल कॉइल बसवली तर आवाजाचा पोत बदलेल, गुणगुण बदलणार नाही.

मग ती येते कुठून, हे पाच मिनिटांत शोधता येतं. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. तरीही आवाज राहिला, तर दोष गिटारच्या पुढे आहे: केबल, ॲम्प किंवा विजेची लाइन. शून्यावर गेला, तर व्हॉल्यूम पुन्हा वाढवा आणि गिटार हातात धरून जागेवरच गोल फिरा. एखाद्या दिशेला गुणगुण जवळजवळ नाहीशी झाली तर पिकअप आपलं काम चोख करतोय, बाहेरचं क्षेत्र पकडतोय. लॅपटॉपचा चार्जर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, डिमरचे दिवे एकेक करून बंद करून पाहा. गिटारच्या आतल्या पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवण्याचा उपायही फार सांगितला जातो. पट्टीने रेग्युलेटरसारख्यांची चरचर कमी होते, कारण ती विद्युत क्षेत्र अडवते. ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तेवढ्या पातळ तांब्यातून आरपार जातं.

आता तारांना हात लावा. गुणगुण कमी झाली तर ठीक: तुमचं शरीर ॲन्टेनासारखं वागत होतं, तारांमधून ते ग्राउंडला जोडलं गेलं. काहीच फरक पडला नाही, पण जॅकमध्ये खुपसलेल्या केबलच्या धातूला बोट लावल्यावर पडला, तर ब्रिजची (तारा खालच्या टोकाला जिथे टेकतात त्या भागाची) ग्राउंड वायर तुटली आहे.

शेजारच्या इमारतीतल्या एका मुलाची गिटार नेमकी अशीच माझ्याकडे आली. दुकानात त्याला तिन्ही पिकअप बदलायला सांगितलं होतं. मल्टिमीटर लावला, व्हॉल्यूम पूर्ण उघडा ठेवून केबलच्या टोकाशी रेझिस्टन्स मोजला. तिन्ही पिकअप सहा किलोओहमच्या आसपास. सिंगल कॉइलचं हे अगदी निरोगी माप आहे. कॉइल तुटलेली असती तर मीटरने पॉटचाच (व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या बदलत्या रेझिस्टन्सचा) आकडा दाखवला असता, शेकडो किलोओहम. मग मीटर कंटिन्युइटीवर (जोडणी सलग असेल तर बीप वाजते) टाकून एक टोक ब्रिजला आणि दुसरं जॅकच्या बाहेरच्या भागाला लावलं. बीप नाही. मागचं झाकण उघडलं तर स्प्रिंगा अडकवायच्या पत्र्यावरचा सोल्डरचा डाग सुटून वायर लोंबत होती. तो पत्रा उष्णता शोषून घेतो, २५ वॉटची सोल्डरिंग गन तिथे पुरत नाही. ६० वॉटची घेतली, पत्रा सॅंडपेपरने घासला आणि डाग मारला. गुणगुण बरीचशी गेली. जी थोडी उरली, तिचं कारण गिटारमध्ये नव्हतं. त्याकडे शेवटी येतो.

"सूर उतरतो म्हणून खुंट्या बदला." सतारीची खुंटी लाकडाच्या घर्षणावर टिकते, म्हणून तिला खडू लावावा लागतो. गिटारच्या खुंटीत वर्म गिअर असतो. खुंटी फिरवून तार ओढता येते, पण तारेला उलट खुंटी फिरवता येत नाही. दात झिजून पूर्ण ढिले झाल्याशिवाय तिथून सूर सुटत नाही. सुटतो तो बहुतेक वेळा नटपाशी, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीपाशी. तार ओढताना नटमधून 'टिक' असा आवाज आला तर समजा, ती खाचेत अडकते आहे: आधी ताण साठतो, मग एकदम सुटतो. खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा, तार सरकू लागते. नवी तार चढवल्यावर हाताने हलकेच ओढून ताणून घेणं, खुंटीवर दोन-तीनच नीट वेढे देणं, एवढ्याने निम्म्या तक्रारी मिटतात.

खुली तार सुरात, पण वरच्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) बेसूर, हा वेगळा आजार. त्याला इंटोनेशन म्हणतात. १२ व्या फ्रेटवर दाबून वाजवलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) नटपासून दूर न्या, उतरलेला असेल तर जवळ आणा. आणि पहिल्या दोन-तीन फ्रेटवरच स्वर चढत असेल तर नटच्या खाचा उंच आहेत. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवर पाहा, तिथे केसाएवढीच फट हवी. मिरजेला तंबोरा दुरुस्तीला नेला तर कारागीर आधी जवारी (घोडीवर तारा टेकतात तो पृष्ठभाग) पाहतो, भोपळा बदला असं म्हणत नाही. गिटारलाही हाच न्याय लावायला हवा.

ट्रस रॉडची भीती मला सगळ्यात जास्त खटकते, कारण तिच्यामुळे लोक बिचकून चांगली गिटार कपाटात ठेवून देतात. १० ते ४६ च्या (इंचाच्या हजाराव्या भागांत मोजलेल्या जाडीच्या) सेटमधल्या सहा तारा मिळून नेकला सुमारे ४५ किलोच्या ताणाने पुढे ओढतात. रॉड तिला मागे खेचतो, आणि तो फिरवण्यासाठीच बसवलेला असतो. गिब्सनने असा फिरवता येणारा रॉड १९२० च्या दशकातच आणला. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड ओलावा पितं आणि नेकचा बाक बदलतो. कोकणात राहणाऱ्याला हे दरवर्षी दिसतं. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर फट पाहा. पाव मिलिमीटर, म्हणजे साध्या व्हिजिटिंग कार्डाएवढी, पुरे. फट जास्त असेल तर रॉडच्या टोकाचा नट घड्याळाच्या दिशेने पाव वळसा फिरवा, पुन्हा सूर लावा, थांबा, मोजा. खरा धोका आहे तो चुकीच्या मापाच्या ॲलन कीने नटाचे कोपरे घासून टाकण्यात आणि फिरत नसताना जोर लावण्यात. अडकला तर मात्र जाणत्या माणसाकडे न्या.

कपॅसिटरचं थोडक्यात. त्याचं मूल्य महत्त्वाचं: ०.०२२ आणि ०.०४७ मायक्रोफॅरॅडमध्ये टोन बंद केल्यावर स्पष्ट फरक ऐकू येतो. तेल-कागदाचा की साधा पॉलिस्टरचा, याने नाही. टोनचा पॉट पूर्ण उघडा असताना कपॅसिटरच्या वाटेत २५० किलोओहमचा अडथळा असतो, त्याचा परिणाम जेमतेम उरतो. त्याहून कितीतरी फरक केबलने पडतो. केबलची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मीटरला साधारण १०० पिकोफॅरॅड असते. अडीच हेन्री इंडक्टन्सच्या पिकअपला तीन मीटरची केबल लावली तर आवाजातला झळाळता उंचवटा पाच हजार हर्ट्झच्या आसपास येतो, सहा मीटरची लावली तर चार हजारांच्याही खाली. महाग कपॅसिटरऐवजी केबल आखूड करून पाहा.

पिकअप कधीच बदलू नये असं माझं म्हणणं नाही. कॉइल तुटली, मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी मारू लागला, किंवा तुम्हाला मुळातच हंबकरचा भरीव आवाज हवा असेल तर खुशाल बदला. पण त्याआधी त्याची उंची बदलून पाहा, स्क्रू दोनच असतात. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअप आणि तारेत दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवा. फार जवळचे चुंबक तारेलाच ओढतात, मग ती बेसूर थरथरते आणि दोष पिकअपच्या दर्जावर जातो.

आता अर्थिंगची पिन. गिटारच्या तारा ब्रिजला, ब्रिज जॅकला, जॅक केबलमधून ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला आणि सांगाडा त्या पिनमधून जमिनीला जोडलेला असतो. ॲम्पमध्ये बिघाड होऊन सांगाड्यात वीज उतरली तर तिने पिनमधून जमिनीत जायचं असतं. पिन काढली की तीच वीज तारांवर येऊन थांबते, तुमच्या बोटांखाली. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस हार्वी रंगमंचावर विजेच्या धक्क्याने गेला. त्याने हात लावलेला मायक्रोफोन नीट अर्थ केलेला नव्हता. दोन उपकरणं वेगवेगळ्या सॉकेटवर असल्याने गुणगुण येत असेल तर दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, नाहीतर ऑडिओच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. पिनला हात लावू नका, आणि कुणी तसं सांगितलं तर तिथल्या तिथे खोडून काढा.

त्या मुलाच्या खोलीतल्या तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंगची वायरच जोडलेली नव्हती, वरचं भोक नुसतंच होतं. त्याच्या वडिलांनी वायरमनला बोलावून वायर ओढून घेतली, मेन बोर्डात ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवला. उरलेली गुणगुण त्याच दिवशी गेली. गिटारमध्ये तेच तीन पिकअप आहेत.