ब्राउझरमधले अवघड प्लॅटफॉर्मर म्हणे नुसता छळ असतो. थांबा जरा

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय, तुमच्यापर्यंतही आला असेल. त्यात म्हटलंय की ब्राउझरमध्ये खेळायचे ते काटे-उड्या-मरणवाले प्लॅटफॉर्मर (काटे-खड्डे चुकवत उड्या मारत पुढे जायचे गेम) मुद्दाम हरवायला बनवलेले असतात, ब्राउझरमध्ये लॅग, म्हणजे गेम अडखळणं, असतोच त्यामुळे नीट खेळताच येत नाही, स्किल शून्य, नुसती घोकंपट्टी, आणि ज्यांना खरा गेम बनवता येत नाही ते असलं काहीतरी करत बसतात. लिहिणारा बहुतेक पाचव्या रूममध्ये, म्हणजे लेव्हलमध्ये, सत्तर वेळा मेलाय आणि त्याच तावात टाइप करायला बसलाय. असू दे, मीही तिथून गेलोय. पण एकेक मुद्दा बघू.

"मुद्दाम अन्याय करतात." हे तर अगदीच उलटं आहे राव. सेलेस्ट हा गेम घ्या, नंतर आलेला मोठा नाही, त्याआधीचा पिको-८ (छोटे गेम बनवायचं सॉफ्टवेअर) वाला छोटा, जो आजही ब्राउझरमध्ये फुकट खेळता येतो. १२८ बाय १२८ पिक्सेलची स्क्रीन, १६ रंग, ३० रूम, संपला. त्याचा कोड उघडून वाचता येतो आणि वाचला की कळतं, गेम गुपचूप तुमच्याच बाजूने खेळतोय. कड्यावरून पाय सुटला तरी पुढच्या ६ फ्रेम (फ्रेम म्हणजे स्क्रीनवरचं एकेक चित्र) तो तुम्हाला जमिनीवरच धरतो. गेम सेकंदाला ३० फ्रेमने चालतो, म्हणजे ०.२ सेकंद उशिरा उडी मारली तरी चालतं! याला कायोटी टाइम म्हणतात, कार्टूनमधला तो प्राणी कडा संपली तरी हवेत धावत राहतो आणि खाली बघेपर्यंत पडत नाही ना, त्यावरून. जमिनीला टेकायच्या आधीच बटन दाबलं तर तेही ४ फ्रेम लक्षात ठेवतो. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट काट्यांची. वर टोक असलेले काटे तुम्ही वर जात असताना चाटून गेले तर मारतच नाहीत, फक्त खाली येताना मारतात. म्हणजे डोळ्यांना वाटतं "गेलो आता", आणि आपण मजेत पलीकडे. ज्याला छळायचंय तो एवढं कशाला करत बसेल? पण ही सवलत दिसत नाही, दिसतं फक्त मरण, त्यामुळे शिव्या मात्र गेमला.

"ब्राउझरमध्ये लॅग असतोच." हा अर्धा खरा आहे आणि त्या अर्ध्यातही दोष भलत्याच्या माथी मारलाय. ब्राउझर साधारण स्क्रीनच्या रिफ्रेशच्या तालावर गेमला चित्र काढू देतो, ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारी स्क्रीन असेल तर दर १६.७ मिलिसेकंदांनी एक फ्रेम. आता बनवणाऱ्याने आळस करून उडी, वेग, सगळं थेट फ्रेमला बांधून ठेवलं तर १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर तोच गेम जवळजवळ अडीचपट वेगाने पळतो आणि तुम्ही काट्यांवर. अशा वेळी सेटिंगमध्ये जाऊन मॉनिटर ६० वर आणायचा, बहुतेक वेळा काम होतं. बनवणाऱ्याला शिव्या घाला हवं तर, ब्राउझरला नको.

माझं स्वतःचं सांगतो. एका गेममध्ये डावीकडे वर तिरका डॅश, म्हणजे हवेतली झटकन झेप, लागतच नव्हता. डावा बाण, वरचा बाण, स्पेस, तिन्ही एकदम दाबले की कॅरेक्टर नुसता खाली पडायचा. उजवीकडे मात्र व्यवस्थित. दोन संध्याकाळी मी "गेमच बग्गी आहे" म्हणत बसलो, मग नोटपॅड उघडला, दोन्ही बाण दाबून धरले आणि स्पेस दाबली. एकही जागा सुटली नाही. कीबोर्डच! स्वस्त कीबोर्डमध्ये काही तीन बटनांचं कॉम्बिनेशन एकत्र पोहोचतच नाही, आतली जोडणीच तशी असते. डॅश दुसऱ्या बटनावर नेला आणि चौथ्या प्रयत्नात रूम पार. शिव्यांची कमेंट टाइप करून ठेवली होती, ती गपचूप डिलीट केली.

"स्किल नाही, घोकंपट्टी." बरं, घोकूनच दाखवा मग. त्याच छोट्या सेलेस्टमध्ये पाय ठेवला की थरथरून अर्ध्या सेकंदात गायब होणाऱ्या विटा आहेत, आणि हवेत फुगे आहेत जे पकडले की संपलेला डॅश परत मिळतो. वीट, उडी, डॅश, फुगा, पुन्हा डॅश, भिंत. हा क्रम तिसऱ्या मरणात पाठ होतो, पुढची साठ मरणं कशाची मग? बोटांची. डॅश किंचित आधी मारला तर फुग्याच्या खालून जातो, किंचित नंतर मारला तर वीट गेलेली असते. तबल्याचा बोल तोंडपाठ आहे म्हणून हात वाजवतो का लगेच? शिवाय मेल्यावर क्षणात त्याच रूममध्ये परत उभे, त्यामुळे सत्तर वेळा मरायला फार तर दहा मिनिटं लागतात.

"खरा गेम बनवता येत नाही म्हणून." यावर फार बोलत नाही. एन हा ब्राउझरमधला फ्लॅश गेम २००४ चा, त्याचाच वंशज एन प्लस प्लस २०१५ मध्ये प्लेस्टेशनवर आला. मीट बॉय २००८ मध्ये ब्राउझरमध्ये फुकट होता, दोन वर्षांनी सुपर मीट बॉय झाला. आणि मॅडी थॉर्सन, नोएल बेरी या दोघांनी चार दिवसांत केलेल्या त्या छोट्या सेलेस्टमधूनच २०१८ चा मोठा सेलेस्ट निघाला. आता खरा गेम कोणता ते तुम्हीच ठरवा.

गंमत म्हणजे जी तक्रार खरंच करायला हवी ती मेसेजमध्ये कुठेच नाही. बऱ्याच ब्राउझर गेमांचं सेव्ह त्या ब्राउझरच्याच पोटात असतं, अकाउंट नाही, बॅकअप नाही. हिस्टरी साफ करताना "कुकीज आणि साइट डेटा" वर टिक राहिली की सगळं गेलं, इन्कॉग्निटोमध्ये खेळलात तर विंडो बंद केली की गेलं. माझे एकेचाळीस लेव्हल असेच गेले, आणि ते कुठल्या काट्यावर नाही, माझ्याच एका क्लिकवर.