रिपोर्ट नॉर्मल, चक्कर चालू

सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात पुन्हा तोच मेसेज येऊन पडला. तीन वर्षांत तो मला मामेबहिणीकडून आलाय, ऑफिसातल्या सरांकडून आलाय, एकदा तर ब्लाउज शिवणाऱ्या ताईंकडूनही आलाय. मजकूर थोडक्यात असा: सारखी चक्कर येते, डोकं जड राहतं, काही सुचत नाही आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल? मग तुम्हाला आजार नाही. चक्कर म्हणजे मान, गॅस नाहीतर टेन्शन. बीपी लो झालं की लिंबू-मीठ-साखरेचं पाणी प्या. चक्करची गोळी पर्समध्ये ठेवा. डोकं हलवू नका, भरपूर आराम करा. विसरायला होतं ते वयामुळे आणि मोबाईलमुळे. घाबरू नका, पुढे पाठवा. खाली 'एक ज्येष्ठ डॉक्टर'. नाव नाही.

या वेळी तो तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी टाकला. मनाने फार चांगल्या आहेत त्या, आणि मेसेज माझ्यासाठीच होता हे अख्ख्या ग्रुपला ठाऊक. म्हणून उत्तर देते. मी डॉक्टर नाही. बॅलार्ड इस्टेटला एका क्लिअरिंग एजंटकडे हिशेब बघते. पण पहिलं दीड वर्ष मी हा मेसेज अक्षरशः पाळलाय.

"रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आजार नाही." हिशेबाचं काम करणाऱ्या बाईला हे पटणं कठीण. ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांची जमा-नावे बेरीज, जुळला म्हणजे वही बरोबर, असं आमच्याकडचं शिकाऊ पोरगंही म्हणत नाही. भाड्याचे पैसे चुकून दुरुस्तीच्या खात्यात टाकले तरी दोन्ही बाजू जुळतातच. रिपोर्टचंही तेच, जेवढं विचारलं तेवढंच तो सांगतो. तपासण्या करायच्याच: हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२, ईसीजी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांना रक्तक्षय निघाला होता, तेव्हा कित्येकींचं उत्तर त्या पहिल्याच कागदावर मिळेल. बी-१२ कमी असणं शाकाहारी घरांत आणि वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांत नेहमीचं. माझं सगळं ठीक निघालं. मेंदूचा एमआरआयही स्वच्छ. "तुम्हाला काही झालेलं नाही," असं सांगून फाइल हातात दिली, आणि मी जिन्याचा कठडा धरून खाली उतरले.

झालं होतं ते कानात. कानाच्या आत तोल सांभाळणारं एक यंत्र असतं, त्यात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. ते जागा सोडून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की ठरावीक दिशेला डोकं वळवल्यावर घर फिरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं. माझं घर वरच्या दोरीवर कपडे वाळत घालताना फिरायचं. हे कण एमआरआयमध्ये दिसत नाहीत. ते शोधायला एक टेबल लागतं, बस. माणसाला बसवून, मान एका बाजूला वळवून, झटकन मागे आडवं करतात, डोकं टेबलाच्या कडेखाली लोंबतं आणि डॉक्टर डोळ्यांकडे बघत राहतात. डिक्स आणि हॉलपाइक यांच्या नावाची ही परीक्षा १९५२ पासून आहे. दीड वर्ष दवाखाने फिरले, कोणी ती केली नव्हती. केली तेव्हा पहिले चार-पाच सेकंद काहीच झालं नाही. मग छताचा बंद पंखा फिरायला लागला. डॉक्टरीणबाई माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "या इकडे, यांचे डोळे बघा." बुबुळं उडत होती म्हणे. संसाराला बावीस वर्षं झाली, पण माझ्या चक्करवर त्याचा विश्वास बसला तो त्या मिनिटाला.

मग त्यांनी डोकं क्रमाक्रमाने वळवत ते कण मूळ जागी नेले. ही जॉन एप्ली यांची युक्ती, १९९२ मध्ये छापून आलेली. दोन खेपांत गरगरणं गेलं. पण आणखी काहीतरी उरलं, ते पुढे सांगते.

आधी मानेचं. मेसेजमधला हा सगळ्यात लाडका मुद्दा, कारण एक्स-रे काढला की पुरावा सापडतोच. चाळिशी-पन्नाशीनंतर मणक्याची झीज कोणाच्या एक्स-रेत नसते? ज्यांना आयुष्यात चक्कर आली नाही त्यांच्याही असते. केस पांढरे झाल्यामुळे चक्कर आली म्हणण्यासारखंच आहे ते. मानेमुळे चक्कर येते की नाही, यावर डॉक्टरांतच वाद आहे. मी चार महिने गळ्यात पट्टा बांधून लोकल पकडली. चौथी सीट लगेच मिळायची, तेवढाच फायदा.

गॅसबद्दल काही बोलत नाही. आपल्याकडे गुडघादुखीही गॅसने होते.

टेन्शनचं मात्र नीट बोलायला हवं, कारण त्यात अर्धं खरं आहे. गरगरणं थांबल्यावर मला जे उरलं ते असं: जमीन मऊ लागते, आपण भाऊच्या धक्क्यावरच्या लाँचमध्ये उभे आहोत असं वाटतं, सकाळी कमी, संध्याकाळी जास्त, आडवं पडलं की जवळजवळ नाहीच. विक्रोळीला फास्ट लोकल थांबत नाही. मी स्लोची वाट बघत उभी असते आणि समोरून फास्ट धडधडत जाते. डबे, खिडक्या, दारातली माणसं यांची एक पट्टी सरकत राहते. ती संपली तरी माझा फलाट उलट्या दिशेला सरकत असतो. मी खांबाला हात लावून उभी राहते, मोबाईल बघत असल्याचं सोंग करते. मॉलचा सरकता जिना, सुपरमार्केटमधल्या दोन्ही बाजूंनी भरलेल्या उंच रांगा, दादरच्या पुलावर समोरून येणारी माणसं, सगळीकडे तेच.

याला नाव आहे: पर्सिस्टंट पॉस्चरल पर्सेप्च्युअल डिझिनेस, बोलायला पीपीपीडी. निकष बारानी सोसायटी या तोलाच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये ठरवले: बहुतेक दिवस, निदान तीन महिने, उभं राहिल्यावर, हालचालीत आणि डोळ्यांपुढे गजबज असली की वाढणारी चक्कर. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीतही ते आहे. (ज्यांच्या नावाची ही सोसायटी, त्या रॉबर्ट बारानींना तोलाच्या यंत्रावरच्या कामासाठी १९१४ चं नोबेल मिळालं, आणि बातमी कळली तेव्हा ते रशियाच्या युद्धकैद्यांच्या छावणीत होते. कानात गार पाणी गेलं की चक्कर का येते, हे त्यांनी शोधलं होतं.) होतं ते साधारण असं. तोल कान, डोळे आणि पायांची जाणीव या तिघांवर चालतो. एकदा कानाने दगा दिला की मेंदू डोळ्यांवर जास्त विसंबायला लागतो, प्रत्येक पावलावर पहारा ठेवतो, आणि कान बरा झाला तरी पहारा उठवत नाही.

आता यात टेन्शन कुठे बसतं? पहारा कडक करण्यात बसतं. काळजीने चक्कर वाढते हे खरं, मी नाकारत नाही. डिप्रेशनवरच्या काही गोळ्या यात उपयोगी पडतात, त्याही मी घेतल्या, कमी डोसात. पण चक्करने काळजी येते हे मेसेजमध्ये कोणी लिहीत नाही, आणि 'टेन्शन आहे' म्हणणारा माणूस पुढचा प्रश्न विचारायचं बंद करतो. अर्धशिशीचंही असंच सुटतं. तिची एक जात अशी आहे की तासन्‌तास चक्कर येते आणि त्या वेळी डोकं दुखतंच असं नाही. डोकं दुखत नाही, मग मायग्रेन कसलं, म्हणून बाई पुन्हा टेन्शनच्या खात्यात.

लिंबू-पाण्याने ऑक्टोबरच्या उन्हात बरं वाटतं, वाटणारच. पण बीपी लो आहे हे ठरवलं कोणी? आडवं पडून पाच मिनिटांनी मोजा, मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर म्हणा. काहींचं बीपी तसंच राहतं आणि उभं राहिल्यावर दहा मिनिटांत नाडी ३० ठोक्यांनी चढते, तो वेगळाच प्रकार. त्यात डॉक्टर स्वतःहून मीठ वाढवायला सांगतात. उलट ज्याला हाय बीपी आहे त्याने मेसेज वाचून मीठ ढोसलं तर?

गोळीचा मुद्दा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन ही औषधं सुरुवातीच्या जोरदार गरगरण्यात, उलट्यांत दोन-चार दिवस द्यायची. ती तोलाची यंत्रणा गप्प करतात, आणि गप्प केलेली यंत्रणा नव्याने शिकत नाही. महिनोन्‌महिने घेतली तर सुस्ती येते, म्हातारपणी हातपाय कापायला लागतात, चाल बिघडते, पार्किन्सनसारखं दिसतं. केमिस्ट विचारत नाही. मी वर्षभर पर्समध्ये पट्टी बाळगली, डोकं चालत नाही म्हणून रडले, आणि त्यातलं किती त्या गोळीचं होतं हे मला कधीच कळणार नाही. तुमच्या डॉक्टरांनी विचार करून दिली असेल तर माझं ऐकून बंद करू नका, फक्त 'कधीपर्यंत?' एवढं विचारा.

आणि आराम. माझ्या फिजिओथेरपीच्या मुलीने पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, चक्कर यायलाच पाहिजे थोडी, नाहीतर मेंदू शिकणार कसा?" स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे. त्याच्यापासून दोन हात लांब उभं राहायचं, रविवारच्या लाल आकड्यावर नजर खिळवायची आणि 'नाही नाही' म्हणतो तशी मान हलवायची. आकडा स्पष्ट दिसला पाहिजे. पहिल्या आठवड्यात वीस सेकंदांत मळमळायचं, पोहे करपायचे. आता एक मिनिट होतं. डोकं न हलवण्याचा सल्ला पाळत राहिले असते तर मी अजून त्या लाँचमध्येच असते.

राहिलं विसरणं. 'ब्रेन फॉग' हा शब्द मला लेकीने शिकवला. मुंबईकराला धुकं कुठलं माहीत, आपल्याकडे असतं ते धुरकं. आईचा शब्द मला जास्त पटतो: डोकं बधिर झालंय. भाजीवाल्यासमोर उभी आहे, जुडी समोर दिसतेय, वास येतोय, आणि 'कोथिंबीर' हा शब्द सापडत नाही. शेवटी बोट दाखवून म्हटलं, "ते हिरवं." टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, ६९ चं ९६ होतं आणि तीन वेळा तपासूनही दिसत नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजल्या की नाही, आठवत नाही. मी ४८ ची आहे. पाळीची गडबड, झोप, थायरॉइड, कोविडनंतर रेंगाळलेला थकवा, झोपेत श्वास अडकणं, यातलं काहीही असू शकतं आणि एकेक तपासून बाजूला काढावं लागतं. पण तोलाचा हिशेब मला कोणी समजावला नव्हता. चालणं हे आपोआप चालणारं काम. ते जर मेंदूला हाताने करावं लागलं, तर ६९ कडे बघायला त्याच्याकडे उरतं काय? ज्या दिवशी गर्दीतून जाते त्या दिवशी चुका जास्त, हे मी वहीत लिहून बघितलंय. मोबाईल मी पूर्वीइतकाच वापरते.

'घाबरू नका' हे एरवी ठीक. पण अचानक चक्कर येऊन बोबडी वळली, एकाचे दोन दिसू लागले, चेहरा किंवा हात लुळा पडला, उभंच राहता येईना किंवा कधी नव्हे असं डोकं ठणकलं, तर घाबरा आणि १०८ लावा. पक्षाघात मेंदूच्या मागच्या भागात असेल तर सुरुवातीचा सीटी स्कॅन नॉर्मल येऊ शकतो, इथेही तोच शब्द. चक्करबरोबर एका कानाने ऐकू येणं एकाएकी गेलं तर त्याच दिवशी कानाचा डॉक्टर. पळताना, चढताना शुद्ध हरपली तर हृदयाचा.

बरेच जण असेही आहेत की सगळं करूनही नाव मिळत नाही. एका बाईंची माझी ओळख फिजिओथेरपीच्या बाकावर झाली, त्या पाच वर्षं बिननावाच्या आहेत आणि शाळेत शिकवतात, खुर्चीत बसून. 'कारण सापडलेलं नाही' हे डॉक्टरांनी म्हणायला माझी हरकत नाही. ते 'कारण नाही' असं लिहिलं की हरकत आहे. बिननावाच्या माणसालाही वही ठेवता येते. आपल्या भाषेत या एका त्रासाला किती शब्द आहेत बघा: गरगरणं, भोवळ, घेरी, झोक जाणं, डोळ्यांपुढे अंधारी. सगळ्याला चक्कर म्हणून आपण मोकळे होतो. तरी शब्दापेक्षा तीन गोष्टी जास्त कामाच्या, कधी येते, किती वेळ टिकते, कशाने सुरू होते. माझं निदान शेवटी 'कपडे वाळत घालताना, अर्धा मिनिट' या पाच शब्दांवर झालं.

हे सगळं मी ग्रुपवर इतकं लांब नाही टाकलं, चार ओळी टाकल्या. रात्री काकूंचा फोन आला. रागावल्या असतील असं वाटलं. म्हणाल्या, "अगं, मलाही कूस बदलली की गरगरतं. मानेचं म्हणून सोडून दिलं होतं." मी म्हटलं, "काकू, किती वेळ टिकतं? घड्याळ बघा एकदा." सकाळी दुधाच्या पिशव्या घ्यायला उतरले तर त्या जिन्यातच उभ्या होत्या.

"वीस सेकंद," म्हणाल्या. "आणि फक्त उजव्या कुशीवर."