पाच मिनट देख लीजिए!

जयपूरला गाडी भाड्याने घेतली की दर वेळी हेच! ही माझी तिसरी खेप. 8 तास, 80 किलोमीटर असं ठरवायचं, पैसे आगाऊ द्यायचे आणि त्यातले दोन तास रजया नि खड्यांच्या दुकानात घालवायचे. सकाळी निघतानाच ड्रायव्हरला बजावलं होतं, काहीही खरेदी करायची नाहीये. तरी आमेरचा किल्ला बघून उतरलो आणि गाडी वळलीच. "बस, पाच मिनट देख लीजिए!" आत चहा तयार, एकावर एक रजया उलगडतायत, आईला तर 'मांजी, मांजी' करत हाताला धरून बसवलं. आणि दाराशी एक जण वहीत आमच्या गाडीचा नंबर टिपत होता. अरे, कमिशन घे ना बाबा, पण माझ्या वेळेतून का?

मला जंतरमंतर बघायचं होतं. सवाई जयसिंगाने बांधलेलं 27 मीटर उंचीचं सम्राट यंत्र, म्हणजे सावलीवर वेळ दाखवणारं घड्याळच! त्याची सावली मिनिटाला साधारण 6 सेंटीमीटर सरकते. नुसतं उभं राहिलं तरी वेळ पुढे जाताना डोळ्यांनी दिसतो. लेकीला तेवढंच दाखवायचं होतं हो. पोचलो तेव्हा ऊन उतरलेलं, सावलीचा पत्ता नाही. पोरगी विचारते, "बाबा, घड्याळ बंद पडलंय का?"

वर रात्री हॉटेलवर सोडताना जादा वेळेचे 300 रुपये मागितले. कुठल्या वेळेचे? त्या दुकानात बसवून ठेवलंत त्याचे?