इंग्लिश घड्याळात इंग्लिश काय असतं?

गेले काही दिवस एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. मला तो तीन ग्रुपवर आला, आणि तिन्हीकडे खाली ‘अगदी खरं!’ म्हणणारे होते. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: घड्याळ ही स्विस लोकांची कला, इंग्रजांनी त्यात कसलाच शोध लावला नाही. पुढे आळशीपणामुळे त्यांचा धंदा बुडाला. आणि आज ‘ब्रिटिश परंपरा’ म्हणून जे विकलं जातं ते निव्वळ स्विस मशीन, डायलवर इंग्लंडमधल्या एखाद्या गावाचं नाव टाकलेलं.

माझे वडील घड्याळ दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस बघतच मी मोठा झालो. म्हणून हा मजकूर वाचून गप्प बसवलं नाही.

पहिलं, शोधाचं. घरात चावीचं किंवा ऑटोमॅटिक घड्याळ असेल तर कानाला लावा. टिकटिक येते ती एस्केपमेंटमधून. गुंडाळलेल्या स्प्रिंगची ताकद एकदम सुटू न देता एकेक दात करून सोडायची, हे तिचं काम. आजच्या बहुतेक सगळ्या यांत्रिक घड्याळांत असते ती लिव्हर एस्केपमेंट लंडनमध्ये थॉमस मज याने १७५५च्या सुमारास शोधली. ती बसवलेलं त्याचं खिशातलं घड्याळ १७७०च्या आसपास ब्रिटनच्या राणी शार्लटकडे गेलं. महागडं स्विस घड्याळ घ्या, जपानी घ्या, नाहीतर आपल्या आजोबांची एचएमटी जनता घ्या, आत मजचीच कल्पना चालू असते. घड्याळातली झीज कमी करायला बसवतात त्या माणकाच्या खड्यांचं पेटंटही लंडनचंच, १७०४चं. ते घेणाऱ्यांत निकोला फातिओ हा स्वित्झर्लंडहून आलेला गणिती होता, हेही सांगायला हवं. माणसं आणि कल्पना दोन्हीकडून ये-जा करत होत्या.

आणि जॉन हॅरिसनला कसं विसरायचं? समुद्रावर रेखांश काढायची पद्धत शोधणाऱ्याला ब्रिटिश संसदेने १७१४मध्ये २०,००० पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं. त्यासाठी हवं होतं जहाजावरही अचूक वेळ दाखवणारं घड्याळ. हॅरिसन लिंकनशायरमधल्या बॅरो गावचा सुतार. त्याची सुरुवातीची घड्याळं लाकडाची आहेत, कारण हाताला सवय लाकडाची होती. जवळच्याच ब्रॉकल्सबी पार्कच्या तबेल्यावर त्याने १७२२च्या सुमारास मनोऱ्याचं घड्याळ बसवलं. त्याला तेल लागतच नाही, कारण फिरणारे भाग लिग्नम व्हिटे या मुळात तेलकट असलेल्या लाकडात बसवलेत. ते आजही चालतं. गाव आणि परंपरा घड्याळात उतरते ती अशी: सुताराच्या हातातून, हाताशी असलेल्या सामानातून. पुढे १७५९मध्ये त्याने एच-४ हे तळहाताएवढं घड्याळ पूर्ण केलं. जमैकाच्या सफरीत ८१ दिवसांनी, रोजचा ठरलेला फरक धरून, ते फक्त ५ सेकंद मागे होतं.

दुसरं, आळशीपणाचं. हा आरोप मला सगळ्यात जास्त लागला.

वडिलांकडे एकदा एक जुनं इंग्लिश खिशातलं घड्याळ आलं होतं. झाकण उघडल्यावर बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे हलणाऱ्या चाकाच्या, वरच्या पट्टीवर पानाफुलांचं कोरीवकाम दिसलं. ते बघायचं कुणी? फक्त दुरुस्त करणाऱ्याने. बाजूला एक शंकूसारखा तुकडा, त्यावर पन्हाळीत गुंडाळलेली साखळी. सायकलच्या चेनसारखीच, कडी आणि रिव्हेट, पण जाडजूड दोऱ्याएवढी. वडिलांनी ती चिमट्याने उचलून पांढऱ्या कागदावर ठेवली आणि भिंग माझ्या हातात दिलं. चावी नुकती दिलेली असताना स्प्रिंग जोरात ओढते, उतरत आली की मंद पडते. साखळी शंकूच्या अरुंद टोकापासून रुंद बुडाकडे सरकत जाते आणि तो फरक भरून काढते. या यंत्रणेचं नाव फ्युझी. अशा साखळ्या तेव्हा हॅम्पशायरमध्ये असलेल्या क्राइस्टचर्च गावात बायका आणि लहान मुली हाताने करायच्या. त्या कामात नजर जायची. हे लिहिताना मला त्या कौशल्याचं कौतुक वाटतं आणि त्या मुलींसाठी वाईटही वाटतं.

सुटे भाग लँकेशायरमध्ये प्रेस्कॉटला व्हायचे, जुळणी आणि शेवटचा हात लंडनच्या क्लार्कनवेलमध्ये. कॉव्हेंट्रीच्या चॅपलफील्ड्स भागात घड्याळवाल्यांची घरं अजून उभी आहेत, मागच्या बाजूला लांबरुंद खिडक्या, उजेडासाठी. हे लोक आळशी नव्हते. त्यांचा हट्ट नडला. इंगोल्ड नावाचा एक स्विस माणूस यंत्राने घड्याळं करायची योजना घेऊन लंडनला आला होता. कारागिरांनी विरोध केला आणि १८४३मध्ये संसदेत त्याच्या कंपनीचं विधेयक पडलं. यंत्राचा मार्ग पुढे अमेरिकेतल्या वॉल्थम कंपनीने धरला, स्विस लोकांनी त्यांच्याकडून धडा घेतला, आणि इंग्लंडमध्ये फ्युझी चालूच राहिली. प्रेस्कॉटला मोठा कारखाना १८८९मध्ये उभा राहिला, तोवर उशीर झाला होता. १९११पर्यंत तो बंदही पडला. चूक मोठी होती, पण काम अतिशय नीट करणाऱ्या माणसांची होती.

तिसरं, आजच्या घड्याळांचं. इथे मजकुरात बरंच तथ्य आहे. जागेचं नाव, जुन्या विमानाचा किंवा जहाजाचा तुकडा आणि आत विकत आणलेलं स्विस मशीन, अशी ब्रिटिश घड्याळं आहेत. २०१४मध्ये एका कंपनीने ‘आमचं स्वतःचं मशीन’ म्हणून जे जाहीर केलं त्याचं मूळ स्विस निघालं आणि तिला खुलासा करावा लागला. अशा वेळी ग्राहकाने रागवायलाच हवं. पण मशीन बाहेरचं आहे हे उघड सांगून केस आणि डायलवर मन लावून काम करणाऱ्याला फसवा म्हणू नये. ‘स्विस मेड’ लिहायलाही २०१७पासून उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्विस असावा लागतो, शंभर टक्के नाही.

मात्र ‘सगळी तशीच’ हे साफ चूक. इंग्लिश घड्याळजी जॉर्ज डॅनियल्स इंग्लंड-आयर्लंडच्या मधल्या आयल ऑफ मॅन या बेटावर एकटा बसून अख्खं घड्याळ करायचा. केस, डायल, काटे, मशीन, सगळं. वडील म्हणायचे, घड्याळ बिघडतं ते निम्म्या वेळा तेलामुळे. तेल सुकतं, चिकट होतं, लिव्हर घासत राहते. डॅनियल्सने याच दुखण्यावर १९७०च्या दशकात को-ॲक्सियल एस्केपमेंट काढली, घासणं कमी करणारी. स्विस कंपन्यांनी वर्षानुवर्षं नकार दिला. अखेर १९९९मध्ये ओमेगाने ती घेतली. म्हणजे आजच्या बहुतेक यांत्रिक ओमेगांच्या पोटात या इंग्लिश माणसाची कल्पना आहे.

बोल्टनच्या रॉजर स्मिथने शिकाऊ वयात स्वतः केलेलं घड्याळ डॅनियल्सला नेऊन दाखवलं. ते हाताने केल्यासारखं दिसतं, म्हणून त्याने नाकारलं. हाताची खूणही दिसता कामा नये, अशी त्याची अपेक्षा. स्मिथने दुसरं घड्याळ करायला सुमारे पाच वर्षं घेतली, तेव्हा कुठे होकार आला. आज त्याच बेटावर स्मिथची कार्यशाळा आहे, वर्षाला मोजकीच घड्याळं बाहेर पडतात. घड्याळाच्या आत बघा: सोनेरी मुलामा दिलेली, बारीक दाणेदार पोताची, मशीनचा पाऊण भाग झाकणारी प्लेट आणि हाताने कोरलेली बॅलन्सची पट्टी, वडिलांच्या टेबलावरच्या त्या घड्याळाच्याच घराण्यातली.

लंडनजवळच्या ग्रिनिच वेधशाळेत हॅरिसनची पहिली तीन सागरी घड्याळं चालू ठेवलेली आहेत. एच-४ मात्र थांबवून ठेवलंय, कारण त्याला तेल लागतं.