पर्यटनावरचा निबंध दोन दिवसांत मागू नका, चार महिने द्या

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडच्या महाविद्यालयांत एक परिपत्रक फिरतं. २७ सप्टेंबर, जागतिक पर्यटन दिन, त्यानिमित्त निबंध स्पर्धा, पोस्टर स्पर्धा, आणि जमलंच तर 'विद्यार्थी संशोधन सादरीकरण'. परिपत्रक हातात पडतं २४-२५ तारखेला. १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा मंडप नुकताच उतरलेला असतो, बॅनरवाल्याची उधारी अजून तशीच असते. मग हे काम भूगोलाच्या नाहीतर मराठीच्या मास्तराच्या गळ्यात पडतं. तो वर्गात जाऊन म्हणतो, "अरे चार जणांनी तरी नावं द्या रे, अहवालाला फोटो लागतो." दोन दिवसांत गठ्ठा तयार. लातूर-धाराशिव भागात असे गठ्ठे तपासायला मला बरीच वर्षं बोलावणं येतंय आणि शाल-नारळ मीही घेत आलोय, त्यामुळे हे बाहेर उभं राहून केलेलं बोलणं नाही.

या निबंधांचा साचा आता मला तोंडपाठ आहे. सुरुवातीला देशाटनाने चातुर्य येतं ती शाळेतली आर्या. मग 'आपल्या महाराष्ट्राला समृद्ध वारसा लाभला आहे'. मग अजिंठा-वेरूळ, १९८३ साली युनेस्कोच्या यादीत समावेश, वेरूळची ३४ लेणी, कैलास एकाच खडकात वरून खाली कोरलेलं. पुढे 'पर्यटनामुळे रोजगारनिर्मिती होते' आणि शेवटी 'शासनाने लक्ष द्यावे'. पूर्वी हे गाईडमधून उतरवलेलं असायचं, आता चॅटजीपीटी लिहून देतं. शुद्धलेखन तेवढं सुधारलंय.

माझी एक बारकी चाचणी आहे. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. अजिंठ्याला स्वतःची गाडी फर्दापूर फाट्यावर ठेवावी लागते आणि पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावं लागतं. जाऊन आलेल्या पोराच्या लिखाणात यातलं काहीतरी नकळत येतंच. बसच्या रांगेत भांडण झालेलं असतं, नाहीतर चढ चढताना आजीचा गुडघा धरलेला असतो. इतकी वर्षं तपासतोय, असं एखादं वाक्य क्वचितच सापडतं. एका निबंधात तर अजिंठ्याहून 'पायी फेरफटका मारत' वेरूळ गाठलं होतं. मध्ये शंभरेक किलोमीटर आहेत.

यात पोरांना बोल लावणं मला पटत नाही. निलंग्याच्या पोराला अजिंठा बघून यायचं म्हणजे जाऊन-येऊन दोन दिवस आणि घरातल्या एखाद्याची आठवड्याची मजुरी. तो काय करणार? आपण विषय देतो 'महाराष्ट्रातील जागतिक वारसास्थळे' आणि त्याच्या तालुक्याला लागून असलेल्या खरोशाच्या लेण्यांचं नावही काढत नाही. बरं, तारीख तरी बघा. सप्टेंबरचा शेवट म्हणजे सोयाबीन काढणीला आलेलं. पोरगा सकाळी रानात, दुपारी वर्गात. त्यात त्याने दोन दिवसांत 'संशोधन' करायचं.

मागे एका स्पर्धेत तुळजापूरजवळच्या एका गावातल्या मुलीचा निबंध आला होता. अक्षर गिचमिड, समासात हळदीचा डाग. विषय सगळ्यांना एकच, 'पर्यटन आणि रोजगार'. हिने सरळ लिहिलं होतं की आमच्या मायचं मंदिराच्या वाटेवर परडी, कवड्यांची माळ आणि हळद-कुंकवाचं दुकान आहे, दुकान म्हणजे एक बाज आणि वर ताडपत्री. पुढे जे होतं ते मी दोनदा वाचलं. नवरात्राआधी देवी मंचकी निद्रेला जाते, त्या दिवसांत गिऱ्हाईक कमी, तेव्हा माय उधारीवर माल भरते. घटस्थापनेपासून गर्दी, पण या गर्दीत माणसं रांगेला घाबरून घाईत असतात, घेत काही नाहीत. खरा धंदा अश्विनी पौर्णिमेला, कारण तेव्हा सोलापूरकडून पायी आलेली माणसं थकून बसतात आणि बसलेलं माणूस खरेदी करतं. शेवटी एक तक्रार: दुकानात येणाऱ्या बाया मालाचा भाव विचारण्याआधी 'बाथरूम कुठंय गं' म्हणून विचारतात, आणि माय त्यांना ओळखीच्या घरी पाठवते, त्या घरवालीने आता पैसे घ्यायला सुरुवात केलीय.

तीर्थस्थळी माणूस कधी आणि का खर्च करतो, हंगामाचं भांडवल कुठून उभं राहतं, सोय नसली की तिचा बाजार कसा तयार होतो, हे सगळं तीन पानांत. मी तिला पहिला नंबर दिला होता. सोबतचे परीक्षक म्हणाले, "सर, संदर्भसूची कुठाय? आणि हे तर घरचं लिहिलंय." शेवटी उत्तेजनार्थ. पहिला नंबर आला 'पर्यटन: काळाची गरज' या निबंधाला, त्यात संदर्भ म्हणून पाच संकेतस्थळं दिली होती. बक्षीस समारंभानंतर त्या मुलीला भेटलो तर म्हणाली, "सर, मी कुठं काय शोधलंय, जे दिसतंय तेच लिहिलंय की." तिला सांगितलं, बाई, पहिली पायरी हीच असते. तिला ते खरं वाटलं नसावं, हातातल्या प्रमाणपत्रावर वेगळंच छापलं होतं.

आता धाराशिवजवळच्या तेरचं उदाहरण घ्या. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुण्या अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराची एक वही लिहून ठेवली, 'पेरिप्लस' या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात आपलं पैठण आहे आणि तगर म्हणजे तेर आहे. काय लिहिलंय? पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर. पैठणहून रंगीत खडे येतात, तगरहून जाडंभरडं कापड आणि मलमल. हा माल धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून गुजरातेतल्या भडोच बंदराला जातो. अंतर, माल, वाट, एवढंच. वैभवाचं वर्णन नाही की गौरवशाली परंपरा नाही. आमच्या स्पर्धेत हा गडी उत्तेजनार्थमध्येसुद्धा बसला नसता, पण दोन हजार वर्षांनी तेर कुठलं आणि केवढं होतं हे सांगायला अभ्यासक त्याच्याच दोन ओळींकडे जातात.

त्याच तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे होऊन गेले. व्यवसायाने व्यापारी. गावात पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडांवर सापडणारे मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या ते गोळा करत राहिले, आणि त्या संग्रहातून गावात आज त्यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय उभं आहे. तिथली हस्तिदंती बाहुली बघायला जाणकार लांबून येतात. तशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती इटलीत पॉम्पेईच्या राखेत सापडली, आणि जालन्याच्या भोकरदनलाही त्याच जातीचा तुकडा मिळाला. धाराशिवहून तेर किती लांब? सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला परत. जिल्ह्यातल्या किती महाविद्यालयांची सहल तिथं गेलीय ते तुम्हीच विचारून बघा. सहल जाते महाबळेश्वरला.

माझं म्हणणं असं की २७ सप्टेंबरला निबंध घेऊच नका. त्या दिवशी फक्त विषय द्या. निबंध घ्या २५ जानेवारीला, तो आपला राष्ट्रीय पर्यटन दिन. मधले चार महिने म्हणजे मराठवाड्यात माणसं घराबाहेर पडण्याचा खरा हंगाम. तुळजापूरचं नवरात्र आणि पौर्णिमा आहे. दिवाळीच्या सुट्टीत माहेरवाशिणी येतात, औंढ्याला आणि परळीला गर्दी होते. नांदेड जिल्ह्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते, घोडे, गाढवं, उंट, सगळ्यांचा बाजार. तिला लागूनच येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, सगळ्यांनी रानात जाऊन जेवायचा सण. आता येळवसेला पर्यटन म्हणायचं का यावर वाद होईल, पण त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं, पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली पोरं आंबील आणि भज्जीसाठी गाड्या भरून येतात, सोबत ऑफिसातल्या मित्रांनाही आणतात. पाहुण्यांची अशी ये-जा जगात इतरत्र असती तर तिच्यावर पीएचड्या झाल्या असत्या. थंडीत पैठणच्या नाथसागरावर रोहित पक्षी उतरतात, तेही याच काळात. नव्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प असतोच, तो याला जोडला तर पोरांना क्रेडिटही मिळतील. सध्या तो कसा पूर्ण होतो हे आपण सगळे जाणतो, त्यावर इथं नको.

विषय देतानाही जिल्हाभर पसरलेला विषय नको. एक जागा, एक प्रश्न. उदाहरणार्थ, मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. त्याने देवदर्शनाला जाणाऱ्या बायकांची संख्या वाढली का, एकट्या जातात की जावा-जावा मिळून, मुक्काम करतात का? हे कुठल्याही संकेतस्थळावर नाही, चॅटजीपीटीलाही ठाऊक नाही. ते अंबाजोगाईच्या बसस्थानकावर बाकड्यावर बसून विचारावं लागतं. एकदा यात्रेच्या दिवशी आणि एकदा आडवारी, म्हणजे तुलना होते. नळदुर्गला पाणीमहालावरून बोरी नदीचं पाणी पडायला लागलं, नर-मादी धबधबे सुरू झाले की गर्दी उसळते. मग उन्हाळ्यात तिथला चहावाला काय करतो? बीडच्या खजाना विहिरीवर येणारी माणसं विहीर बघायला येतात की रील काढायला? (रील काढायला येत असतील तरी ती माणसंच आहेत, त्यांनाही मोजा.) कंधारला क्षेत्रपालाच्या अवाढव्य मूर्तीचे अवशेष आहेत, तिथं पोहोचायला पाटी कुठून कुठपर्यंत आहे? एवढाच प्रश्न घेऊन एखाद्या पोराने पाट्यांचे फोटो काढून नकाशा केला तरी माझ्या लेखी तो 'आविष्कार' या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेतल्या पोस्टरला पात्र आहे.

नकाशावरून आठवलं. महाराष्ट्रातल्या बारवांचा, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींचा, नकाशा बारव मोहिमेने लोकांकडून माहिती घेत घेत उभा केला. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी स्वतः गाळ उपसून मोकळी केली आणि मग लोक ती बघायला येऊ लागले. पर्यटनावरचं संशोधन कशाला म्हणायचं याचा याहून सोपा नमुना माझ्याकडे नाही.

'यात्रा म्हणजे पर्यटन नव्हे' असं एक प्राध्यापक मित्र मला नेहमी ऐकवतात. त्यांच्या मते पर्यटक म्हणजे कॅमेरा आणि हॉटेलचं बुकिंग असलेला माणूस. अहो, मराठवाड्यात बाहेरून येणाऱ्या माणसाने खर्च केलेला रुपया कुठं फिरतो ते बघायचं तर तुळजापूर, पैठण, परळी, माहूर आणि नांदेडचा गुरुद्वारा सोडून कसं चालेल? आणि पन्नास जणांना प्रश्नावली वाटून, वर्तुळाकार आलेख काढून, 'बहुसंख्य पर्यटक समाधानी आहेत' असा निष्कर्ष लिहिणाऱ्या पेपरांपेक्षा हळदीच्या डागाचा तो निबंध जास्त शास्त्रशुद्ध होता, यावर मी त्यांच्याशी वाद घालायला कधीही तयार आहे.

परीक्षकांसाठी एक विनंती. शंभरातले साठ गुण पोराने स्वतः बघितलेल्या, मोजलेल्या, विचारलेल्या गोष्टींना द्या आणि सोबत त्याची टिपणवही मागा. चुरगळलेली, खाडाखोड केलेली चालेल, कोऱ्या करकरीत वहीचा संशय घ्या. भाषा आणि संदर्भांना उरलेले गुण पुरेत. तोंडी दहा मिनिटं बोललात की कोण जाऊन आलंय ते कळतं.

आणि प्राचार्यांसाठी: शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि बॅनर यांचा खर्च वाचवून स्पर्धेतल्या पोरांना एसटीचं जाता-येताचं तिकीट काढून द्या. पोरींना तर अर्धंच लागतं. लातूर, धाराशिव, बीड, नांदेडमधलं कुठलंही महाविद्यालय हा प्रयोग करणार असेल तर निबंध मी फुकट तपासेन, परीक्षक म्हणून येण्याजाण्याचा खर्चही माझा. यंदाचे विषय ठरवायला बसू, फक्त परिपत्रक २५ तारखेच्या आधी काढा.